झाडून-पुसून दिलेला लॅपटॉप

सियामकने लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरून आणला. वरून सासूबाईंच्या कपाटातला तर्मेचा, रेशीम-लोकरीच्या नक्षीदार विणीचा, रुमाल झाकला होता, जणू आत सणाची मिठाई होती.

नवरोज तोंडावर आला होता. गालिचे धुऊन गच्चीवर टाकले होते, पडदे उतरले होते, कपाटं भिंतीपासून ओढून त्यांच्या मागचा वर्षाचा कचरा काढला होता. इराणातल्या याझ्दमध्ये सणाआधी घर नुसतं झाडत नाहीत, मुळापासून हलवतात. मांदाना बैठकीत स्टुलावर उभी राहून झुंबराचे लोलक साबणाच्या पाण्यात बुडवत होती. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा स्टुलाजवळ येऊन थांबला.

"घे," सियामक म्हणाला. "सगळं घर साफ झालं आणि हा एकटा राहिला होता. विंडोज बदलून दिलंय."

"काय बदललं?"

"विंडोज."

"भावजी, त्याच्यात विंडोज नव्हतंच."

"तेच तर," सियामक खूश होऊन म्हणाला. "मी उघडलं तर काय, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. सी नाही, डी नाही. डिस्कच ओळखत नव्हतं बिचारं. म्हटलं, पोरगी एवढी शिकलेली, आणि असल्या डबड्यावर काम करते. कोणाला सांगतसुद्धा नाही. आई म्हणाल्या, वर्षभर ते असंच काळं आहे."

"मग आहेच की काळं," स्वयंपाकघरातून मांदानाची आई, मोनीर-खानुम म्हणाल्या. "मला वाटायचं कोणी वारलंय त्याच्यात."

मांदाना स्टुलावरून खाली उतरली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"डिस्कचं काय केलंत?"

"मुळापासून नवी केली. तू बघ तर. आत व्हायरसवाले तीन टाकलेत, एक चुकला तर दुसरा पकडेल. शब्दकोश टाकलाय, गाड्यांचा खेळ टाकलाय. आणि उरलेली सगळी जागा सिनेमांनी भरलीय. सुट्टीभर पुरतील. ही माझ्याकडून तुझी ओवाळणी समज."

"बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक निळा पेनड्राइव्ह होता."

"तो रिकामाच होता. माझा दुकानात राहिला, म्हणून तुझाच वापरला. लावल्यावर मशीनच विचारतं, फॉरमॅट करू का. म्हटलं, कर बाबा."

मोनीर-खानुम हात पुसत दारात आल्या आणि भुवया उंचावून लेकीकडे पाहत राहिल्या. ती खूण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. शेवटी त्यांना तोंडाने सांगावं लागलं.

"मांदाना, 'हात न दुखोत' म्हण की भावजींना."

आपल्यासाठी कोणी काहीही केलं तरी हे म्हणायचं असतं. मीठ पुढे सरकवलं तरी, दार धरून ठेवलं तरी. मांदानाने हे वाक्य बोलायला लागल्यापासून म्हटलं होतं, टॅक्सीवाल्यांना, दंतवैद्याला, एकदा तर तिला नापास करणाऱ्या परीक्षकालाही. आज तिने ते म्हटलं नाही. तिने लॅपटॉप घेतला, रुमालाची घडी करून आईच्या हातात दिली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पाहुणा बसलेला असताना त्या घरात दार लावत नसत.

विंडोज बदलणं ही तिकडे गाडीचं तेल बदलण्यासारखी गोष्ट आहे. कॉम्प्युटर हळू झाला, बदला. मूल परीक्षेला बसतंय, बदला. सण आला, बदला. बाजारातल्या सियामकच्या दुकानासमोर नवरोजच्या आधी रांग लागते आणि नात्यातल्या माणसांचे लॅपटॉप तो रांगेबाहेर, काही न घेता, घरी येऊन करून देतो. आधी विचारत नाही. विचारणं म्हणजे उपकार मोजून दाखवणं, असं त्याला वाटतं आणि तो एकटाच तसा नाही.

त्या काळ्या पडद्यामागे काय होतं, ते त्या घरात मांदानाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

ती हाज तकींच्या तर्मे कारखान्यात यंत्रांची देखभाल करायची. कारखान्यात एक माग होता, हाज तकींनी चांगल्या दिवसांत परदेशातून आणलेला. त्याच्या वरच्या जॅकार्डला, म्हणजे नक्षी काढणाऱ्या डोक्याला, छिद्रं पाडलेले पुठ्ठे लागत नसत. आडवा धागा घेऊन धोटा जाण्याआधी ताण्यातले कुठले उभे धागे उचलायचे ते कॉम्प्युटर सांगायचा. रेशीम आणि लोकर, बारीक कोयऱ्या, काठाला सरूची झाडं. असं तर्मे दुसऱ्या कुठल्याच मागावर निघत नव्हतं. तो माग चालवणारा प्रोग्राम मात्र अधूनमधून इंटरनेटवरून आपल्या मायदेशी विचारून येत असे की मी चालू का. देशावर निर्बंध आले, आणि एके सकाळी पडद्यावर एक वाक्य उमटलं: तुमच्या प्रदेशात ही सेवा उपलब्ध नाही. मागावर अर्धं कापड तसंच होतं. मोटर ठीक होती, धागे उचलणाऱ्या आकड्या ठीक होत्या, वंगण ताजं होतं. हाज तकींनी पत्रं लिहिली, मग लिहायची सोडली. माग त्यांनी विकत घेतला होता. चालवायची परवानगी भाड्याची होती, हे त्यांना त्या सकाळी कळलं.

मांदाना म्हणाली होती, "हाज-आगा, त्या डोक्याला एवढंच हवं असतं की पुढच्या बाण्याला कुठल्या आकड्या वर घेऊ. ते मी सांगेन."

तिने प्रोग्राम लिहिला. आधी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर असतं त्याच विंडोजवर. माग चालला. पण दर थोड्या वेळाने एखादा बाणा, म्हणजे आडवा धागा, चुकायचा, आकड्या पापणी लवण्याइतक्या उशिरा उठायच्या. प्रोग्रामात चूक नव्हती. सगळ्यांसाठी बनवलेला कॉम्प्युटर एका वेळी शंभर कामं करतो, मध्येच घड्याळ जुळवतो, मध्येच काही उतरवून घेतो, आणि थोडा उशीर कोणाला कळत नाही असं धरून चालतो. सिनेमा बघणाऱ्याला खरंच कळत नाही. बाण्याला कळतं. आणि तर्मे उसवता येत नाही.

मग तिने विंडोजच्या जागी दुसरी प्रणाली शोधायला घेतली. विद्यापीठात लिनक्सवाल्यांचा एक गट होता, महिन्यातून एकदा चहा पीत भांडणारा. प्रत्येकजण आपलीच प्रणाली सगळ्यात चांगली म्हणायचा. मांदाना विचारायची, कशासाठी? तिने एक जुन्या वळणाची पाहिली, जी एका वेळी एकच काम करते. ती कधी उशीर करायची नाही, पण काठाची लांबलचक नक्षी तिच्या मेमरीत मावेना. एक पाहिली, जिचे भक्त म्हणत की तिच्यात चोर शिरूच शकत नाही. खरं होतं, पण मागाला पहारेकरी नको होता. एक फार देखणी होती, संगीत आणि चित्रांचा नाद असणाऱ्यांनी हौसेने उभी केलेली. तिला मागाची केबल ओळखता आली नाही. शेवटी ती लिनक्सच्या एका रूपावर थांबली, ज्याचा गाभा बदलून त्याला बजावता येतं की हे एक काम सगळ्यांच्या वर, बाकी जग थांबलं तरी हे वेळेवर. तो गाभा तिने स्वतः घडवला, मागाच्या डोक्याशी बोलणारा भाग स्वतः लिहिला. यात वर्ष गेलं. पडद्यावर सजावट काहीच ठेवली नाही, कारण सजावटीलाही वेळ लागतो. म्हणून तो काळा होता.

हाज तकींचा धीर तेवढ्यात संपत आला होता. सुट्टीनंतर कारखाना उघडेल तेव्हा भंगारवाला येणार होता. त्याआधी एक पूर्ण कोयरी, देठापासून टोकापर्यंत, एकही बाणा न चुकता विणून दाखवली तर माग राहील, नाहीतर लोखंडाच्या भावाने जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मांदानाचं टोकाच्या वळणाचं काम बाकी होतं. ते घरी बसून संपवायचं म्हणून तिने लॅपटॉप आणला होता, आणि सोबत विंडोजला न दिसणारी दुसरी प्रत असलेला निळा पेनड्राइव्ह.

आणि इंटरनेटवरची प्रत? ती होती. परदेशातल्या एका मोठ्या जागी जगभरचे प्रोग्रामवाले आपलं काम ठेवतात, तिथे तिनेही ठेवलं होतं. मागच्या शरदात खातं बंद झालं. वाक्य मागावर आलं होतं तेच होतं. तिने अर्ज केला की मी विणकामाचं यंत्र चालवते, बॉम्ब नाही. उत्तर आलं की आम्हाला तुमची गैरसोय समजते.

वर्ष बदलण्याच्या घटकेला सगळे सात जिनसांच्या मांडणीभोवती बसले. आरशापुढे गव्हाची हिरवळ, लसूण, सफरचंद, वाडग्यात मासे. मांदाना बसली, आईच्या हाताला ओठ लावले, बहिणीला मिठी मारली, सियामकला नवरोज मुबारक म्हणाली, आणि परत खोलीत गेली. पुसलेली डिस्क चाळणारा एक प्रोग्राम तिने लावून ठेवला होता. तो तिच्या कामाचे तुकडे काढत होता: कुठे अर्धं पान, कुठे नुसती टिपण्यांची ओळ. जिथे गाभा होता तिथे आता एका विनोदी सिनेमाचा उत्तरार्ध होता. सियामकने डिस्क मन लावून भरली होती.

पाहुणे येत राहिले. बैठकीतून पिस्ते सोलल्याचे आवाज आणि मोनीर-खानुमचं स्पष्टीकरण ऐकू यायचं, की पोरीचं डोकं दुखतंय. तिसऱ्यांदा ते ऐकल्यावर मांदाना बाहेर येऊन पाहुण्यांसमोर म्हणाली, "डोकं ठीक आहे माझं. मी रागावले आहे." आणि पाण्याचा ग्लास घेऊन परत आत गेली.

त्या दिवशी फरझाने, तिची बहीण, खोलीत आली आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"झालं का तुझं?"

"नाही."

"तो काल जेवला नाही नीट. सगळं शहर दुकानासमोर उभं होतं तेव्हा शटर ओढून तुझ्यासाठी इथे येऊन बसला होता."

"मी सांगितलं होतं?"

"सांगावं लागतं का घरच्या माणसाला?"

"घरच्या माणसानेच विचारावं लागतं, ताई. बाहेरचा माझ्या बॅगेत हात घालणारच नाही."

"त्याला काय माहीत त्या काळ्या डब्यात एवढं काय आहे."

"नाही ना माहीत? मग हात का लावला? सोनाराकडे कोणी अनोळखी दागिना नेला तर तो आधी वितळवतो का?"

"अगं, चांगलं करायला गेला तो."

"कंपनीवालेसुद्धा चांगलंच करत होते. फार सभ्य पत्र होतं. त्यांनी मला न बघता माझं खातं बंद केलं, आणि भावजी मी शाळेत होते तेव्हापासून मला बघतायत. दोघांनाही वाटलं, मी काय वापरायचं ते त्यांना कळतं. माझ्या मागाचं कोणी विचारलं? तूच सांग, मी कारखान्यात काय करते?"

फरझानेने दाराची मूठ चाचपली. मग म्हणाली, "यंत्रं... बघतेस."

"बघते. बरोबर."

"सगळा देश विंडोज वापरतो, मांदाना. तुलाच काय वेगळं हवं असतं."

"सगळा देश माग चालवत नाही. आणि देशाचं सोड, तुझ्या नवऱ्याच्या दुकानातली एक तरी प्रत विकत घेतलेली आहे का? सगळी फोडलेली कुलपं. माझी फुकट होती, राजरोस होती, उलट वाटावी म्हणूनच बनवलेली होती. कोणी मागितली की द्यायची, मी तर..."

ती बोलता बोलता थांबली.

"मी तर काय?"

"एक मिनिट जा तू बाहेर."

"म्हणजे 'हात न दुखोत' नाही म्हणणार? एक वाक्य आहे गं. म्हण आणि सोडून दे."

"एकच वाक्य आहे माझ्याकडे. ते असं कुठेही टाकणार नाही. जा आता, मला फोन करायचाय."

विद्यापीठातल्या त्या गटात एकदा काशानहून तूबा नावाची मुलगी आली होती. तिच्या वडिलांचा मखमलीचा माग होता आणि त्यावरही परदेशी डोकं बसवलेलं होतं, तसंच गप्प झालेलं. मांदानाने तिला त्या वेळी जेवढं तयार होतं तेवढं सगळं, गाभ्यासकट, देऊन टाकलं होतं. त्यानंतर दोघींचं बोलणं सणावारापुरतं उरलं होतं.

फोनवर आधी सगळ्यांच्या तब्येती विचाराव्या लागल्या. तूबाच्या आईचा गुडघा, वडिलांचा डोळा, मांदानाच्या आईचा रक्तदाब, काशानची हवा, याझ्दची हवा. मांदानाचा पाय जमिनीवर ठोके देत होता.

"तूबा-जान, मी तुला तो मागाचा प्रोग्राम दिला होता, आठवतो?"

"रागावू नकोस," तूबा म्हणाली. "मी त्याची पार वाट लावलीय."

"म्हणजे?"

"बदललाय गं बराच. मखमलीला ताणे दोन, लोकरीचा वेगळा काढायला लागला—"

"लोकरीचा?"

"नाही, रेशमाचाच, वरच्या मऊ लवेचा म्हणायचं होतं, तू घाबरवलंस मला. तुला विचारायला हवं होतं. पण तूच म्हणाली होतीस, मोकळा आहे, हवं ते कर."

"पण आहे ना?"

"आहे म्हणजे? रोज चालतो. सण नसता तर फोन मागाजवळ नेऊन ऐकवला असता. झालंय काय?"

मांदानाने सांगितलं. सी, डी, निळा पेनड्राइव्ह, तीन व्हायरसवाले, सिनेमे. तूबाला हसू फुटलं, तिने ते दाबलं, ते परत फुटलं.

"माफ कर. माझ्या मामांनी माझा फोन असाच स्वच्छ करून दिला होता. मी अजून त्यांच्या घरी चहा घेत नाही."

इंटरनेटवरून एवढं मोठं पाठवायला आठवडा गेला असता. तूबाने बसने पाठवलं. मांदाना स्टँडवर उभी राहिली. काशानच्या गाडीच्या ड्रायव्हरने सीटखालून एक खोका काढून दिला. आत गुलाबपाण्याची बाटली, बदामाची बिस्किटं, आणि चुरगळलेल्या कागदात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. तिने तिथूनच फोन लावला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "हात न दुखोत तुझे, तूबा." ड्रायव्हरला वाटलं आपल्याला म्हणतेय. तो मान लववून म्हणाला, "हे तर माझं कामच आहे, बाई."

प्रत जुनी होती आणि मखमलीसाठी वळवलेली. दुसरा ताणा काढून टाकायचा होता, काठाची नक्षी आठवून परत भरायची होती, टोकाचं वळण तर पहिल्यापासून लिहायचं होतं. घरात बसणं अशक्य होतं, कारण घरात सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते, जणू ती आजारी आहे. हाज तकी कारखान्याच्या शेजारीच राहायचे. तिने त्यांच्याकडे किल्ली मागितली.

"सुट्टीत?" हाज तकी म्हणाले. "इंजिनियरबाई, सणाला लोक आमच्या घरी मिठाई खायला येतात. किल्ली मागायला आलेली तू पहिलीच."

"मिठाईपण द्या."

त्यांनी कुत्ताबची बशी पुढे केली आणि किल्ली दिली. सुट्टीचे उरलेले दिवस ती तिथेच होती. नवरोजच्या तेराव्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळं शहर जेवणाचे डबे घेऊन बागांकडे गेलं, तेव्हा हाज तकी घरच्यांना पुढे पाठवून स्वतः कारखान्यात आले आणि मागासमोर खुर्ची टाकून बसले.

"उद्या भंगारवाला येतोय. त्याला यायचं तर येऊ दे, चहा पाजू," ते म्हणाले. "चालव."

मांदानाने मागाची मोटर सुरू केली. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर बाण्याचा आकडा सरकू लागला. आकड्या उठल्या, धोटा गेला, फणी आदळली. देठ निघाला. पोट भरायला लागलं, गडद लाल, आत बारीक पानं. हाज तकी खुर्चीवरून पुढे झुकले होते. कोयरी मानेशी येऊन वळायला लागली तेव्हाच वीज गेली.

माग धोटा अर्ध्यावर असताना थांबला. पंखे थांबले, बाहेर कुणाचा तरी रेडिओ थांबला. हाज तकी उठले, मागाजवळ गेले, उचललेल्या ताण्यांकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"गेली," ते म्हणाले. "आपलं नशीबच असं. वीज आली की हा पुढच्या बाण्यावर उडी मारणार, आणि इथे भेग दिसणार. जुन्या कंपनीच्या वेळीही असंच व्हायचं."

"बसा, हाज-आगा."

"पोरी, मी हे चाळीस..."

"बसा ना."

तिला स्वतःलाही खात्री नव्हती. तिच्या प्रणालीत हे नव्हतं. विजेचा तिने विचारच केला नव्हता. पण तूबाच्या बदलांतून वाट काढताना एके ठिकाणी तिला दिसलं होतं की प्रत्येक बाणा पूर्ण झाल्यावरच त्याची नोंद होते, आणि वीज आल्यावर अर्धा राहिलेला बाणा मागे घेऊन तोच परत टाकला जातो. काशानमध्ये वीज वरचेवर जात असावी. तिने तो भाग काढला नव्हता.

वीज आली. मागाचं डोकं कुरकुरलं, आकड्या खाली बसल्या, आणि त्याच परत उठल्या. मांदानाने धोटा हाताने मागे घेतला. तो गेला. पुढचा गेला. कोयरीची मान वळली, टोक बारीक झालं, आणि शेवटी एका धाग्याचं होऊन संपलं.

हाज तकींनी कापड उलटून पाहिलं. तर्मे पाहणारा माणूस आधी मागची बाजू पाहतो. त्यांनी अंगठ्याचं नख थांबलेल्या जागेवरून दोनदा फिरवलं, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून.

"उद्या चहाच पाजू त्याला," ते म्हणाले. "नुसता चहा."

संध्याकाळी तिने घरी सांगितलं तेव्हा मोनीर-खानुमने आधी देवाचे आभार मानले, मग हलक्या झालेल्या मनाने म्हणाल्या, "बघ, म्हणजे ते पुसलं गेलं ते बरंच झालं म्हणायचं. नाहीतर त्या काशानच्या पोरीचं हे विजेचं तुला कळलंच नसतं."

"नाही," मांदाना म्हणाली.

"अगं पण..."

"नाही, आई. तूबाला मी नुसता फोन केला असता तरी तिने दिलं असतं. घर जळलं म्हणून शेजारी कळले, असं म्हणून आग लावणाऱ्याला मिठाई देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मोनीर-खानुमने कुत्ताबचा डबा भरून दारापाशी ठेवला आणि डब्याकडे न बघता म्हणाल्या की सणाला लहानांनी मोठ्यांकडे जायचं असतं, आणि तू अजून बहिणीकडे गेली नाहीस.

ती बहिणीकडे गेली नाही. डबा आणि लॅपटॉप घेऊन बाजारातल्या दुकानात गेली.

सियामक काउंटरमागे होता. गळ्यातल्या पट्ट्याला पेनड्राइव्हचा घोस लटकत होता, मागच्या फळीवर उघडे लॅपटॉप रांगेने विंडोज घेत होते. तिला पाहून तो उठला, परत बसला, परत उठला.

"ये ना. दुकान तुझंच आहे. चहा?"

"नको."

"घरी आई म्हणाल्या, माग चालला."

"चालला."

"मग बरंच..." तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने शब्द गिळला.

मांदानाने डबा काउंटरवर ठेवला. "हा आईने दिलाय. मी आभार मानायला आलेली नाही, भावजी. ते मी मानणार नाही. आणि तुम्ही माफी मागावी म्हणूनही आले नाही, तुम्ही मागाल आणि मला 'छे छे, काय बोलताय' म्हणावं लागेल. तेही मी म्हणणार नाही."

"मग?" सियामकने विचारलं. तो दुखावला होता आणि ते लपवतही नव्हता. "मी काय तुझं वाईट करायला आलो होतो? या बाजारात कोणालाही विचार, मी कोणाचं..."

तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवून उघडला आणि त्याच्याकडे फिरवला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सी नाही, डी नाही.

सियामकचा हात आपोआप गळ्यातल्या घोसाकडे गेला. बोटांनी त्यातला एक धरलासुद्धा. मग त्याचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. त्याने पेनड्राइव्ह सोडला. तो छातीवर आपटून स्थिर झाला. बाहेरून कोणीतरी डोकावून विचारलं, आमचा झाला का. सियामकने त्याला हातानेच थांबवलं.

"तू..." त्याने घसा साफ केला. "तू याच्यावर करतेस काय, मांदाना?"

मांदानाने काउंटरच्या बाजूचं स्टूल ओढलं. तिचा राग गेलेला नव्हता. तो घेऊनच ती बसली.

"तुम्हीपण बसा," ती म्हणाली. "हात खिशात ठेवा."

त्याने ठेवले.

"पहिली गोष्ट," मांदाना म्हणाली, "हे बिघडलेलं नाही."